पुढचा एक्सल सगळ्यात शेवटी

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन, रॅक-पिनियन स्टिअरिंग, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४.१० आहे असं आधीचा मालक म्हणतो. इंजिन उत्तम आहे. मला एक डाना ४४ पुढचा एक्सल स्वस्तात मिळतोय. तो घालून गाडी फोर-व्हील करायची आहे. पाटे (लीफ स्प्रिंग) कुठले घेऊ? आणि काम किती दिवसांचं? (मी वयाने लहान आहे, कृपया अहो-जाहो नको.)

उत्तर : बरं, अरे-तुरे करतो. पहिलं सांग, एक्सलचे पैसे दिलेस का? दिले नसशील तर हात आखडता घे. दरवर्षी असं एखादं तरी पत्र येतं आणि प्रत्येकात एक्सल आधी घेतलेला असतो. तो दिसायला भारी असतो, भिंतीला टेकवून ठेवला की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. खरं दुखणं मात्र गाडीच्या मध्यावर असतं.

तुझा गिअरबॉक्स टू-व्हीलचा आहे. त्याचा मेन शाफ्ट लांब, मागे लांबट टेल हाउसिंग, आणि तिथून प्रॉपेलर शाफ्ट थेट मागच्या एक्सलला. फोर-व्हीलच्या बॉक्सचा शाफ्ट आखूड असतो, तो ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या डब्यात, शिरतो. म्हणजे तुझ्या बॉक्सच्या शेपटीला ट्रान्सफर केस नुसता बोल्ट मारून बसत नाही. एक तर त्याच इंजिनला जुळणारा फोर-व्हीलचा बॉक्स ट्रान्सफर केससकट आण. नाही तर सुटा, चासीला वेगळा टांगलेला ट्रान्सफर केस घे. एनपी २०५ या ओतीव लोखंडी, गिअरवर चालणाऱ्या केसचा तसा प्रकार मिळतो. पण त्यात बॉक्स आणि केसच्या मध्ये एक बुटका शाफ्ट येतो. त्याचे कोन थोडे जरी चुकले तरी केबिनभर घरघर होते आणि ती हुडकता हुडकता जीव जातो. मी ते एकदा केलंय, पुन्हा करणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: तुझ्याच मॉडेलची, अपघातात बॉडी गेलेली, पण खालून शाबूत असलेली फोर-व्हील गाडी अख्खी घे. बॉक्स, ट्रान्सफर केस, त्याचा दांडा, क्रॉस मेंबर, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, इतकंच काय, फ्लोअरच्या भोकावरचं रबरसुद्धा त्यात येतं. हे रबर सुटं शोधायला गेलास की कळेल मी काय म्हणतोय. आणि अशी गाडी मिळालीच, तर मग तुझं इंजिन नि बॉडी तिच्या चासीवर चढवणं जास्त सोपं नाही का, हाही विचार कर. ऐकायला बरं वाटत नाही, पण पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. पुढे सरळ एक्सल हवाच असा हट्ट असेल, तर दाता म्हणून तसंच मॉडेल शोध. टोयोटाने अमेरिकेत विकलेल्या फोर-व्हील पिकअपला १९७९ ते १९८५ पर्यंत पुढे सरळ एक्सल होता, १९८६ पासून स्वतंत्र सस्पेन्शन आलं. म्हणून नंतरच्या गाड्यांखाली लोक कंपनीचाच जुना एक्सल परत घालतात.

आता तुझा डाना ४४. एक्सल दणकट आहे, प्रश्नच नाही. त्याचा क्राउन (आतलं मोठं दातेरी चाक) साडेआठ इंचाचा. पण डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं फुगीर घर) कुठल्या बाजूला आहे ते पाहिलंस का? फोर्डच्या पिकअपखालचा असेल तर डावीकडे, शेवरोलेचा असेल तर उजवीकडे. तुझ्या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, गोळा त्याच बाजूला हवा. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. पहिल्या कामाच्या वेळी असाच आधी एक्सल उचलला, साफ केला, रंगवला, नवीन बेअरिंगं घातली. महिन्याने ट्रान्सफर केस आला तर त्याचं तोंड उजवीकडे, माझा गोळा डावीकडे. मधे इंजिन. दोरी ताणून बघितली, ती सरळ इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरमधून जात होती. एक मित्र म्हणाला, एक्सल उलटा घाल, गोळा आपोआप त्या बाजूला येईल. येईल खरा, पण मग मागची चाकं पुढे जाताना पुढची मागे फिरतील! रंगवलेला एक्सल तसाच दुसऱ्याच्या गळ्यात घातला.

रेशो जुळलाच पाहिजे. आधीचा मालक म्हणतो यावर जाऊ नको, स्वतः मोज. मागचं एक चाक जमिनीवर राहू दे, दुसरं जॅकवर घे, गिअर न्यूट्रल, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मार. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. चार आणि किंचित वर आले तर ४.१०, पावणेचारच्या आसपास आले तर ३.७३. (डिफरन्शियल साधं असेल तरच हे चालतं, लॉकिंगवालं असेल तर दुसरं चाक मोकळं फिरणारच नाही.) खात्री दातांनी होते: ४१ ला १० म्हणजे ४.१०, ४१ ला ११ म्हणजे ३.७३. मागे ४.१० आणि पुढे ३.७३ ठेवून फोर-व्हील घातलंस तर मागची चाकं १०० मीटर जातील तेवढ्यात पुढची ११० मीटर जाऊ बघतील. चिखलात ते घसरून जिरतं, डांबरावर शाफ्टचा कुठला तरी क्रॉस (सांधा) नाही तर ट्रान्सफर केसची चेन जाते.

स्टिअरिंगचं तू काहीच विचारलं नाहीस, आणि जीव जायचा तो इथेच. तुझं रॅक-पिनियन बाद. रॅक चासीला पक्का असतो आणि सरळ एक्सल अख्खा वर-खाली होतो, दोघांचं जमणार नाही. चासीला स्टिअरिंग बॉक्स लावावा लागेल. त्या जागी चासीला आतून नळ्या घालून बोल्ट घे आणि बाहेरून पट्टी मार, नाही तर बॉक्स रेटून रेटून पत्र्याला चीर पडते. बॉक्सपासून पलीकडच्या चाकाच्या नकलपर्यंत (एक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग) जाणारी ड्रॅग लिंक जितकी आडवी, तितकं बरं. गाडी उंच केली की ती उतरती होते. मग खड्ड्यात एक्सल वर आला की लिंकचं टोक कमानीत फिरतं आणि चाकं तू न वळवता वळतात. माझ्या त्याच पहिल्या गाडीत दर खड्ड्याला स्टिअरिंग हातातून हिसका मारायचं. मी महिनाभर बॉल जॉइंट बदलत बसलो. शेवटी नकलवर उंच आर्म घालून लिंक आडवी केली, आणि हिसका गेला. पाट्यांऐवजी कॉइल घालणार असशील तर ट्रॅक बार (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आणि ड्रॅग लिंक एकाच कोनात आणि जवळपास एकाच लांबीच्या असू देत.

पाट्यांबद्दल तू सगळ्यात आधी विचारलंस, पण ते दात्याच्या गाडीचेच घे, संपलं. फक्त शॅकल (पाट्याच्या टोकाची हलती कडी) कुठे लावतोस ते बघ. मागे लावलास तर पाटा दबताना एक्सल मागे सरकतो आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आत घुसतो, त्याच्या स्लिपला (आत-बाहेर सरकणाऱ्या जोडाला) तेवढी जागा हवी.

पक्कं वेल्डिंग करायच्या आधी एक काम कर. पाट्यांचे ब्रॅकेट नुसत्या टाक्यांवर धर. पाट्याच्या थप्पीतला मुख्य पाटा ठेव, बाकीचे काढ. मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती गोळ्याच्या डोक्यावर, टाय रॉडवर आणि चेंबरच्या खालच्या कडेला थाप. चासीखाली पक्के घोडे लाव, मग एक्सल जॅकने बंप स्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) लागेपर्यंत वर घे. दोन्ही बाजूंनी सारखा, मग एकच बाजू, मग दुसरी. प्रत्येक वेळी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली उतरव आणि माती बघ. जिथे ती कागदासारखी चपटी झाली तिथे उद्या लोखंडाला लोखंड लागणार. चेंबर आणि गोळ्यात मी दोन बोटं जागा ठेवतो, कारण इंजिनही माउंटवर हलतं. माझ्या एका कामात मातीवर चेंबरच्या ड्रेन बोल्टचं षटकोनी डोकं स्पष्ट उमटलं होतं. तेव्हा टाके तोडले, एक्सल इंचभर पुढे घेतला. वेल्डिंग झालं असतं तर पहिल्याच उडीत तेल रस्त्यावर.

टाके असतानाच कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) बघ. पाच-सहा अंश मिळाले तर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बरा दिसावा म्हणून पाचरी घालून पिनियन (गोळ्याचं शाफ्टकडचं तोंड) वर उचललास तर कॅस्टर तेवढाच कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. दोन्ही हवं असेल तर नकलची टोकं कापून फिरवावी लागतात. ते काम लेथवाल्याचं, तुझं माझं नाही.

बाकीचं तुला जमेल. ब्रेकचे होज एक्सल पूर्ण लटकल्यावरही ताणले जाता कामा नयेत. मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करून घे. पुढे-मागे चाकांचे नट सारखे आहेत ना बघ, नाही तर दोन स्टेपन्या घेऊन फिरावं लागेल. आणि कापाकापी सुरू करायच्या आधी नोंदणी आणि विम्याकडे लेखी विचार.

दिवस विचारलेस. एक्सल गाडीखाली उभा करायला एक शनिवार पुरतो. तो पाहून घरचे म्हणतील झालंच की. तिथून पुढे मी तरी कुणाला तारीख देत नाही.

प्रश्न : जुनी फोर-व्हील गाडी घेतली. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील घालून बघितलं तर वळताना गाडी अडखळते, लिव्हर परत निघत नाही. ट्रान्सफर केस गेला का?

उत्तर : नाही, गाडी ठीक आहे, रस्ता चुकला. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये मधे डिफरन्शियल नसतं, पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र जखडलेला असतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात, तो फरक निसटायला जागा लागते. माती-वाळूत चाक घसरतं, डांबरावर सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, म्हणून लिव्हर अडकते. ती हाणू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ सुटला की लिव्हर दोन बोटांनी निघेल.

प्रश्न : पुढच्या चाकांचे हब (चाक एक्सलच्या शाफ्टला जोडणारे-सोडवणारे) हाताने फिरवायचे ठेवू की ऑटोमॅटिक?

उत्तर : हाताचे. पावसात उतरावं लागतं हे कबूल, पण अडकण्याआधी उतरा, मग चिखलात हात घालावा लागत नाही.