इंग्लंडमधील ग्रामीण पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतील गाव-परिसरात) १८३७ पूर्वीचे पूर्वज कसे शोधावेत?
इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या पिढ्यांसाठी चर्चच्या दप्तराकडेच वळावे लागते. तत्पूर्वी १८५१ ची जनगणना पाहावी, कारण तीत व्यक्तीच्या जन्माची काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आणि पॅरिश दिलेली असते. पॅरिश निश्चित झाली की काउंटीच्या अभिलेखागारातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या चाळाव्यात. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा व्यवसायही सापडतो. त्याआधी मात्र पुष्कळदा ‘जॉन, विल्यम व मेरी यांचा मुलगा’ एवढ्यावरच भागवलेले असते, आणि एकाच गावात दोन विल्यम निघाले की पंचाईत होते. अशा वेळी माझ्या मते सर्वांत बोलके कागद गरीब-कायद्याचे, म्हणजे गरिबांना पॅरिशकडून मदत देण्याच्या कायद्याचे, असतात: मदत मागणारा माणूस कोणत्या पॅरिशच्या माथी पडतो हे ठरवण्यासाठी त्याची जी जबानी घेतली जाई, तीत जन्मगाव, शेतावरची सालदारकी, लग्न आणि मुलांची वये असा बराचसा जीवनपट येतो. मूळ वही गहाळ असल्यास बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला पाहाव्यात. १७५२ पूर्वी तेथे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून फेब्रुवारी १७२० ची नोंद आजच्या हिशेबाने १७२१ ची धरावी.