वाचकांचे प्रश्न : प्रिंटिंगवाला म्हणतो तरी काय?

प्रश्न : ताई नमस्कार, परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचा महिला बचत गट आहे. ज्वारीच्या पापडाच्या पाकिटासाठी पोरीनं मोबाईलवर कॅनव्हा या डिझाईनच्या ॲपात लेबल बनवलं, दिसायला लई छान झालं. पण प्रिंटिंगवाला म्हणायलाय रिझोल्यूशन कमी आहे, ब्लीड नाही, सीएमवायके करा, फॉन्ट कर्व्ह करून द्या. आम्हाला यातलं एकबी कळंना अन् डिझायनर लावायला पैसे नाहीत. काय करावं?

उत्तर : ताई, डिझायनर लागतच नाही, पोरीला हे वाचून दाखवा. सगळ्यात आधी पाकिटावर पट्टी ठेवून लेबलचं माप घ्या, कारण बाकी सगळं मापावरच ठरतं. समजा १० बाय ७ सेंटीमीटर आलं. रिझोल्यूशन म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची दाटी. छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात, त्यालाच ३०० डीपीआय म्हणतात, म्हणजे या लेबलला साधारण ११८१ बाय ८२७ पिक्सेल, म्हणजे ठिपके, पाहिजेत. तेवढे नसले की पापडाचा फोटो फुटतो. आणि एक, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की फाईल दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, शक्यतो पीडीएफच.

ब्लीड म्हणजे ब्लाऊज शिवताना शिलाईसाठी जास्तीचं कापड सोडतो ना तसं. कटिंग जरा सरकतंच, म्हणून मागचा रंग चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यायचा, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. फाईल मग १०.६ बाय ७.६ ची होते. अक्षरं मात्र जिथं कापणार त्या कडेपासून तेवढीच आत ठेवा.

मोबाईलच्या पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग तयार होतात, तो आरजीबी. प्रेसमध्ये निळसर, गुलाबी, पिवळी, काळी अशा चार शाया, तो सीएमवायके. झगमगीत पोपटी शाईत तसा उतरत नाही, मळकट येतो, म्हणून असले रंग आधीच टाळा. बदल प्रिंटिंगवाला करून देतो, रंग तेवढे पुन्हा बघून घ्या.

फॉन्टचं मात्र नीट ऐका, मराठीत खरा घोळ इथंच होतो. त्याच्या कम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात, ‘पौष्टिक’ मधली वेलांटी भलतीकडंच जाते. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं आणि ते हलत नाही, पण मग शुद्धलेखनही दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल जपून ठेवा. ओळीतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त सोडा, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला की वाचताच येत नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक दुकानात उभ्यानं वाचणार आहे. मुक्ता, बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि छान वाचता येतात.

वजन, तारीख, एफएसएसएआय (खाद्यपदार्थाच्या परवान्याचा) नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका यांना जागा आधीच ठेवा, मागून कोंबलं की सगळं डिझाईन बिघडतं. आणि पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी एक प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, मागा, ते खऱ्या पाकिटावर चिकटवून गटातल्या चष्मा लावणाऱ्या एखाद्या आजीला वाचायला द्या.