वाचकांचे प्रश्न : हिशेब जुळतो, मग काटा वर का सरकतो?

प्रश्न : वय ४२, उंची १६२ सेंटिमीटर, दिवसभर बसून काम. आठ महिन्यांत वजन ७८ वरून ६७ किलोवर आणलं. रोजच्या १४०० कॅलरी ॲपमध्ये नोंदवते, आठवड्यातून पाच दिवस तासभर भरभर चालते. चार महिन्यांपूर्वी मनगटी घड्याळ घेतलं. ते चालण्याच्या ४२० कॅलरी दाखवतं, ॲप तेवढ्या त्या दिवसाच्या कोट्यात वाढवून देतं आणि त्या मी खाते. वाटी-चमच्याच्या मापाने का होईना, नोंद एकही दिवस चुकलेली नाही. तरी वजन ७०.५ झालं. कुठं चुकतंय?

उत्तर : आधी घड्याळाकडे बघा. वजन उतरत होतं तेव्हा ते तुमच्या हातावर नव्हतं.

६७ किलोच्या माणसाला तासभर भरभर चालायला साधारण २९० कॅलरी लागतात. त्यातल्या ६५-७० तो नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या, आणि त्या दिवसाच्या मूळ खर्चात आधीच धरलेल्या असतात. म्हणजे चालण्याची खरी कमाई २२० ची. वरच्या २०० घड्याळाने बक्षीस दिल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत बऱ्या यंत्राची सरासरी चूकसुद्धा २७ टक्के निघाली.

आता तुमच्याच वहीतले आकडे मांडू. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने ६७ किलोला तुमचा विश्रांतीचा खर्च सुमारे १३१० येतो. बैठ्या कामासाठी त्याला १.२ ने गुणलं की १५७०, आणि चालण्याची आठवड्याची कमाई सात दिवसांत वाटून मिळवली की १७३० च्या आसपास. खाणं? १४०० अधिक घड्याळाच्या कृपेच्या रोजच्या सरासरी ३००, म्हणजे १७००. तूट संपली. नोंद अगदी अचूक असती तरी वजन जागच्या जागी राहिलं असतं.

ते वाढलं, कारण नोंद अचूक नाही. साडेतीन किलो ही सगळी चरबीच आहे असं धरलं, तर किलोला ७७०० कॅलरी या हिशेबाने चार महिन्यांत रोजच्या जेमतेम २२५ जास्तीच्या निघतात. तेलाचा १५ मिलिलिटरचा एक चमचा १२० कॅलरींचा असतो. असे दोन चमचे वहीबाहेर राहिले की झालं. कच्चं आणि शिजलेलं यातली गल्लतही तेवढीच महागात जाते. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात, १०० ग्रॅम भातात १३०. तांदूळ तोलून नोंद भाताची केली की २२० गायब! नट्स, नट बटर, चीज, सॅलडवरचं ड्रेसिंग आणि स्वयंपाक करता करता घेतलेली चव हेही असेच निसटतात. १९९२ साली अमेरिकेत ‘१२०० कॅलरींच्या आत खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचा आहार प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला गेला, तेव्हा सांगितलेला आहार खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी भरला. यात लबाडी असते असं नाही. डोळ्यांचा अंदाज असाच चुकतो.

वजन उतरल्यावर भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षभर चढी राहू शकतात आणि शरीराचा खर्च सूत्रापेक्षा थोडा खाली जातो, हेही खरं. पण आधी वही दुरुस्त करा, चयापचयाला दोष नंतर.

ॲपमधली व्यायामाच्या कॅलरी परत देण्याची सोय बंद करा. ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. तेलाची बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर तोला. फरक म्हणजे वापरलेलं तेल. अनेक जिन्नसांचा पदार्थ असेल तर कच्च्या जिन्नसांच्या कॅलरींची बेरीज करा, शिजल्यावर भांड्यासकट तोलून भांड्याचं वजन वजा करा आणि ताटात घेतलेल्या वजनाच्या प्रमाणात नोंद करा. रोज सकाळी शौचानंतर, खाण्यापिण्याआधी, कडक फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर वजन घ्या. तुलना मात्र आठवड्याच्या सरासऱ्यांची करा, तीही पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी.

चार आठवड्यांनी सरासरी हलली नसेल, तर वहीत जो आकडा आहे तोच तुमचा वजन स्थिर ठेवणारा आकडा. तो सूत्राशी जुळतो की नाही याच्याशी आपल्याला घेणं नाही. त्यातून १५० ते २०० कमी करा. १२०० च्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

प्रश्न : वेट ट्रेनिंग सुरू केलं आणि दोन आठवड्यांत वजन दोन किलोने वाढलं. स्नायू वाढले असतील का?

उत्तर : दोन आठवड्यांत दोन किलो स्नायू कुणाचेच वाढत नाहीत. हे पाणी आहे. ताण बसलेले स्नायू सुजतात, शिवाय ते ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, जास्त साठवतात आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ते पूरक) सुरू केलं असेल तर त्याचं एक-दोन किलो वेगळं. कंबर टेपने मोजा, बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडून. सहा आठवडे थांबा. वजनाबरोबर कंबरही वाढत असेल, तर वर सांगितलेली वही उघडा.

प्रश्न : थायरॉइडची तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, पाळीत बदल यांपैकी काही असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी जरूर करा. पण थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन बहुधा दोन ते साडेचार किलोंचं, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाण्याचं. दहा-पंधरा किलोंचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. त्याआधी औषधांची यादी बघा : इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, प्रेडनिसोलोन, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, प्रीगॅबालिन. ही सगळी वजन वाढवू शकतात. यांपैकी एखादं सुरू झालं किंवा मात्रा वाढली ती तारीख आणि वजन चढू लागल्याची तारीख शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा पर्याय असतो, मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका; प्रेडनिसोलोन अचानक थांबवणं धोक्याचं आहे. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर बोट दाबलं की खड्डा पडतो, आडवं झाल्यावर दम लागतो, असं असेल तर कॅलरी मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी असंच साचतं.