अमेरिकेत सिव्हिल लिटिगेशन करायचंय? आधी डिस्कव्हरी समजून घ्या

ताई, तुम्ही विचारलंय की जिल्हा कोर्टात दिवाणी दावे चालवलेत, आता एलएलएम करून अमेरिकेत यायचंय, तर हा अनुभव तिकडे कितपत चालेल. उलटतपासणीची सवय नक्की कामी येईल, पण इथे बहुतेक दावे ट्रायलपर्यंत जातच नाहीत, सगळी झटापट डिस्कव्हरीत, म्हणजे ट्रायलआधी एकमेकांकडून कागद, ईमेल आणि माहिती मागून घेण्याच्या टप्प्यात होते आणि तीही कोर्टाबाहेर, वकिला-वकिलांमध्ये.

आपल्याकडे सीपीसीत (दिवाणी प्रक्रिया संहितेत) यासाठी ऑर्डर ११ आहे खरी, पण खालच्या कोर्टात ती कोण मनावर घेतं? इथे समोरच्याने रीतसर मागितला तर आपल्याच अशिलाला गोत्यात आणणारा ईमेलसुद्धा काढून द्यावा लागतो, हे पचायला वेळ लागतो.

फेडरल कोर्टाचं सांगतो, राज्यांचे नियम वेगळे. फेडरल दिवाणी नियमांतल्या रूल २६(एफ)खाली दोन्ही बाजूंनी शेड्युलिंग कॉन्फरन्सच्या (कोर्टासोबत तारखा ठरवायच्या बैठकीच्या) निदान २१ दिवस आधी आपापसात बसून डिस्कव्हरीचा प्लॅन ठरवायचा आणि पुढच्या १४ दिवसांत कोर्टात द्यायचा. कोणाकोणाचे मेलबॉक्स, कुठल्या तारखा, फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये, फोनवरच्या मेसेजचं काय, वकील-अशिलातला मेल चुकून गेला तर परत कसा घ्यायचा (शहाणी माणसं त्यासाठी पुराव्याच्या फेडरल नियमांतल्या ५०२(डी)ची ऑर्डर, म्हणजे असा मेल गेला तरी गोपनीयतेचा हक्क जात नाही असा कोर्टाचा आदेश, आधीच घेऊन ठेवतात). इथे आळस केला की पुढे वर्षभर निस्तरत बसा.

खरी मजा कीवर्डची. समोरचा म्हणतो 'करार' शब्द असलेले सगळे मेल द्या, तुम्ही सर्च मारून आकडा दाखवता की बाबा हे तर लाखावर जातायत, मग तो म्हणतो बरं, 'करार'च्या पाच शब्दांच्या आत 'रद्द' असेल तेवढेच द्या, तुम्ही म्हणता ठीक, पण बाराऐवजी सहाच माणसांचे, असं करत करत गाडी रुळावर येते. मागणी गरजेच्या प्रमाणात हवी असं रूल २६ म्हणतो, पण नुसतं 'फार होतंय' म्हणून भागत नाही, आकडे लागतात.

इंटरोगेटरीज (समोरच्याला पाठवायचे लेखी प्रश्न) २५, डिपोझिशन (कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेली तोंडी जबानी) प्रत्येक बाजूला १० आणि एकेक जास्तीत जास्त ७ तासांचं, यापुढे संमती नाहीतर कोर्टाची परवानगी. कागदांच्या मागणीला ३० दिवसांत लेखी उत्तर.

आणि अडलं की लगेच अर्ज ठोकायची आपली सवय इथे अंगाशी येते. मोशन टू कंपेल (समोरच्याला माहिती द्यायला लावा असा कोर्टाकडे अर्ज) करताना आम्ही आधी बोलून मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला असं लिहून द्यावं लागतं, बरेच जज तर त्याआधी फोनवर या म्हणतात, आणि हरलात तर समोरच्याच्या वकिलाची फी सहसा तुमच्या बाजूवर बसते. म्हणून फोन झाला की त्याच दिवशी काय ठरलं, काय राहिलं याचा मेल टाकायचा, भाषा अशी की उद्या जजने वाचला तरी चालेल.

एलएलएमला ई-डिस्कव्हरीचा (ईमेल, मेसेज अशा डिजिटल माहितीच्या डिस्कव्हरीचा) कोर्स मिळाला तर घ्याच, ओपीटी (शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगी) १२ महिन्यांचीच असते, तेवढ्यात काम शिकून दाखवायचंय. रूल २६, ३४ आणि ३७ कॉर्नेलच्या साइटवर फुकट आहेत, खालच्या कमिटी नोट्ससकट (नियम करणाऱ्या समितीच्या टिपांसकट) आत्ताच वाचायला घ्या.