बाप्तिस्म्यानंतर घरचे सण, प्रसाद आणि नातेवाईक

बाप्तिस्मा घेतल्यापासून घरचे ‘आता तू आपली राहिली नाहीस’ म्हणतात, मग सणावाराला, प्रसादाला, पाहुण्यांत वागायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी नगरकडची. आमच्यात पणजोबांपासून ख्रिस्ती धर्म, त्यामुळे एवढी ओढाताण माझ्या वाट्याला आली नाही. तरी ‘आडनाव तर आपल्यातलंच दिसतंय’ हे ऑफिसात दर नव्या माणसाकडून ऐकतेच. आपल्यातलंच आहे, म्हणते आणि डबा उघडते.

प्रसादाचं म्हणाल तर बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढा, अध्याय 8 आणि 10. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नावरून तिथल्या ख्रिस्ती मंडळीतही हाच वाद होता. अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही, असं पौल स्पष्ट सांगतो. पण आपल्या खाण्यानं दुबळ्या मनाचा कुणी अडखळत असेल तर खाऊ नये, हेही तोच सांगतो. यातून आमच्याच घरात दोन पक्ष पडलेत. आजी प्रसादाला हात लावायची नाही, आई घेते. मी घेत नाही. शेजारच्या काकूंना हे माहीत आहे, म्हणून गणपतीत आमचे मोदक त्या नैवेद्य दाखवायच्या आधीच वेगळे काढतात. नाताळात माझ्या करंज्या-चकल्या त्यांच्याकडे जातात. (त्यांच्या मते माझ्या करंजीत सारण कमी असतं.)

नाव, साडी, भाषा यातलं काही सोडायची गरज नाही. कुणी नवा उत्साही बंधू सांगायला आला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. त्यांची भजनं आम्ही आजही रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतो.

टिळकांच्या घरात काय झालं तेही लक्षात ठेवा. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. आधी ताटातूट झाली, मग एकत्र राहूनही धर्म वेगळे. तुमच्या आईला दोन-चार महिन्यांत पटावं, ही अपेक्षाच नको.

आणि घरात पूजा असली की मैत्रिणीकडे निघून जाऊ नका, तेच जास्त लागतं. आरतीला उभं राहायचं नसेल तर स्वयंपाकघरात बसून पुऱ्या लाटा. जेवायला एवढी माणसं असताना लाटणाऱ्या बाईला कुणी हाकलत नाही.