काओरा बासा धरण २००७ पर्यंत पोर्तुगालकडे का राहिलं?

मोझांबिक २५ जून १९७५ ला पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला, मग झांबेझीवरचं हे धरण पुढे बत्तीस वर्षं पोर्तुगालच्या ताब्यात कसं, असा तुमचा प्रश्न आहे. (जुन्या नकाशांत ‘काबोरा बासा’ दिसेल, धरण तेच.) पोर्तुगालने ते बळकावून ठेवलं असं सरसकट सांगितलं जातं, पण खरी गोम कर्जात आहे.

धरण कर्ज काढून बांधलेलं. स्वातंत्र्याच्या तोंडावर त्यासाठी कंपनी काढली. ८२ टक्के हिस्सा पोर्तुगालचा, १८ टक्के मोझांबिकचा. वीज विकून कर्ज फिटेल तशी मालकी मोझांबिककडे सरकायची. नव्या सरकारची तिजोरी रिकामी होती, त्यामुळे कर्जाचा बोजा लिस्बनच्या गळ्यात ठेवणं त्या घडीला शहाणपणाचंच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोडं अडलं विक्रीपाशी. २,०७५ मेगावॉटला मोठं गिऱ्हाईक एकच, वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. धरणाजवळच्या सोंगोपासून जोहान्सबर्गजवळच्या अपोलो केंद्रापर्यंत सुमारे १,४२० किलोमीटरची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन टाकली होती. यादवी युद्धात रेनामोच्या बंडखोरांनी तिचे मनोरे पाडले, आणि त्या बंडखोरांना पोसत होती खुद्द दक्षिण आफ्रिका! निर्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळपास ठप्प राहिली. वीज विकली जात नव्हती, व्याज मात्र चढत होतं. थकबाकी दोन अब्ज डॉलरच्या वर गेली आणि मालकी जिथल्या तिथे राहिली.

अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डीसी लाइनला वाटेत सहज फाटा काढता येत नाही; जिथे वीज उतरवायची तिथे डीसीची घरगुती वापराची एसी वीज करणारं महागडं कन्व्हर्टर केंद्र लागतं. ते सोंगोला आहे आणि अपोलोला. म्हणून लाइन शेकडो किलोमीटर मोझांबिकमधून जाते, तरी राजधानी मापुतोला वीज मिळते ती दक्षिण आफ्रिकेच्या ग्रिडमधून वळसा घालून.

तोडगा निघाला ३१ ऑक्टोबर २००६ च्या करारात. पोर्तुगालने ९५ कोटी डॉलर घेऊन उरलेल्या येण्यावर पाणी सोडलं. २५ कोटी कंपनीने स्वतःच्या पैशातून दिले, ७० कोटी बँकांकडून उचलले. २७ नोव्हेंबर २००७ ला ताबा मिळाला. मोझांबिक ८५ टक्के, पोर्तुगाल १५ टक्के. २०१२ मध्ये ते १५ टक्केही सोडायचं ठरलं. त्यातला अर्धा हिस्सा मोझांबिककडे आणि अर्धा ‘रेन’ या पोर्तुगीज ग्रिड कंपनीकडे.

म्हणजे धरण ‘परत मिळालं’ असं म्हणू नका. ते विकत घेतलं, आणि बँकांचे ७० कोटी पुन्हा त्याच विजेच्या कमाईतून फेडावे लागले.