भाडं येतं कोणाच्या खात्यात?

प्रश्न : मी ५७ वर्षांची आहे, एकटीच असते, नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा, म्हणजे काम न करता येणाऱ्या उत्पन्नावर तिकडे राहायचा व्हिसा, काढून राहायला जायचं पक्कं केलंय. युरोत सांगायचं तर फ्लॅटचं भाडं महिन्याला ६४० येतं, ठेवींचं व्याज २१० च्या आसपास, आणि मी लिहिलेल्या शाळेच्या पुस्तकांची रॉयल्टी वर्षातून एकदा, साधारण २,३००. फ्लॅट माझ्या नावावर आहे पण भाडेकरूचं सगळं भाऊ बघतो, त्यामुळे भाडं त्याच्या खात्यात जमा होतं आणि तो मला पाठवतो. शिवाय ३१,००० युरोची शिल्लक आहे. एवढी शिल्लक दाखवली की काम होईल ना? आणि व्हिसा हातात नसताना तिकडे घर भाड्याने कसं घ्यायचं, पैसे बुडाले तर?

उत्तर : ताई, आधी आकडा बघू. डी-७ ला एकट्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न निदान पोर्तुगालच्या किमान वेतनाइतकं लागतं. २०२४ मध्ये ते ८२० युरो होतं, २०२५ मध्ये ८७० झालं आणि २०२६ साठी ९२० आहे, म्हणजे जुना लेख वाचून हिशेब केलात तर तिथेच चुकेल. तुमचं भाडं आणि व्याज मिळून ८५० होतात, ७० कमी पडतात. रॉयल्टी बारा महिन्यांत वाटली तर १९१ च्या वर जाते आणि बेरीज १,०४१ होते, म्हणजे तुमची सगळी केस त्या रॉयल्टीवर उभी आहे. आनंदाची गोष्ट ही की या व्हिसाच्या कायद्यात मालमत्तेचं भाडं आणि गुंतवणुकीचं उत्पन्न यांच्या जोडीला बौद्धिक संपदेचं उत्पन्न पण सरळ लिहिलेलं आहे, तेव्हा प्रकाशकाशी झालेला करार आणि मागच्या निदान तीन वर्षांचे रॉयल्टीचे हिशेब लावा, नाहीतर बघणाऱ्याला ती कधीतरी एकदा आलेली रक्कम वाटेल.

शिल्लकीबद्दल. ३१,००० चांगली रक्कम आहे आणि ती दाखवाच, वर्षभराचं किमान वेतन म्हणजे ११,०४० युरो पोर्तुगालच्या बँकेत ठेवलेले असले तर अर्जाला चांगलाच आधार मिळतो. (तिथलं खातं उघडायला आधी निफ म्हणजे तिथला करदात्याचा नंबर लागतो, ते काम सगळ्यात पहिलं करा.) पण शिल्लक म्हणजे उत्पन्न नाही. त्यांचा खरा प्रश्न असतो की पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या हातात दर महिन्याला पैसे कुठून येणार, आणि पडून असलेली रक्कम कितीही मोठी असली तरी खर्च केली की संपते.

आता खरी अडचण, तुमच्या भावाचं खातं. हे मी जीव तोडून सांगते कारण माझ्या स्वतःच्या फाईलवर हेच झालं. माझ्या भाडेकरूने दोन महिन्यांचं भाडं रोख दिलं होतं आणि मी ते आळसाने पंधरा दिवसांनी खात्यात भरलं, तेवढ्यावरून खुलासा मागितला गेला आणि माझे जवळजवळ दोन महिने त्यात गेले. बघणाऱ्याला तुमचा भाऊ माहीत नाही हो, त्याला एवढंच दिसतं की करारावर एक नाव आहे आणि पैसे पाठवणारा वेगळाच कोणीतरी आहे, मग हे भाडं की घरच्यांनी दिलेली मदत? तर आजच भाडेकरूला सांगा की पुढच्या महिन्यापासून थेट तुमच्या खात्यात भरायचं, आणि अशा निदान सहा नोंदी झाल्याशिवाय अर्ज करू नका. घाई नको.

नंतर मी काय केलं ते सांगते. सहा महिन्यांचं स्टेटमेंट प्रिंट करून भाड्याची प्रत्येक ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवली, बाजूला पेन्सिलने १ ते ६ आकडे घातले, आणि वरती एक साधा कागद लावला : क्रमांक १, अमुक तारीख, एवढी रक्कम, कराराचं पान ३ बघा. खिडकीतल्या बाईंनी तो कागद वाचला, दोन ओळी ताडून बघितल्या आणि पुढचा कागद मागितला, बस. तुमचं उत्पन्न युरोत नाही त्यामुळे दर थोडा खाली आला तरी आकडा ९२० च्या वरच राहील एवढी जागा ठेवा, तुमच्याकडे १२० आहेत, अजून थोडं व्याज वाढवता आलं तर बरं.

घराची भीती रास्त आहे. राहण्याचा पुरावा लागतोच आणि बहुतेक ठिकाणी वर्षभराचा करार बघतात. पैसे द्यायच्या आधी घरमालकाकडून मालमत्तेचा उतारा मागा, त्याला तिकडे कादेर्नेता प्रेदियाल म्हणतात, त्यावरचं नाव आणि ज्याच्या खात्यात डिपॉझिट जाणार ते नाव एकच पाहिजे. करार तिथल्या करखात्याकडे नोंदवून घ्या, त्याची स्टॅम्प ड्यूटी एका महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के असते आणि ती मालक भरतो, जो मालक नोंदवायला टाळाटाळ करतो त्याचं घर सोडून द्या, कितीही आवडलं तरी. व्हिसा नाकारला तर करार रद्द आणि डिपॉझिट परत, हे कलम लिहून घ्या, बरेच मालक मान्य करतात.

प्रश्न : मी घरून परदेशी कंपनीचं काम करतो, पगार दरमहा २,५०० युरो. डी-७ ला ९२० च लागतात तर मी सहज बसतो ना?

उत्तर : नाही बसत, कारण पगार हे कमावलेलं उत्पन्न आहे, काम थांबलं की तो थांबतो. तुमच्यासारख्यांसाठी ३० ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा डी-८ व्हिसा आहे आणि त्याला किमान वेतनाच्या चौपट लागतं, म्हणजे ३,६८०. पगाराला पॅसिव्ह, म्हणजे काम न करता येणारं उत्पन्न, म्हणून दाखवायचा सल्ला कोणी देत असेल तर कृपा करून ऐकू नका, खोटं पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक अर्जाला ते चिकटतं. स्पेनच्या नॉन-ल्युक्रेटिव्ह, म्हणजे कमाई न करता राहणाऱ्यांच्या, व्हिसाकडे पण वळू नका, तिथे काम करायला मनाईच आहे.

प्रश्न : डी-७ मिळाल्यावर आम्ही वर्षातून एखादा महिना जाऊन आलो तर चालतं का?

उत्तर : नाही. व्हिसा स्वतः फक्त चार महिन्यांचा असतो, त्या काळात जाऊन आयमा म्हणजे तिथल्या स्थलांतर खात्याच्या ऑफिसात राहण्याचं परमिट घ्यायचं (२०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत हे काम सेफ नावाचं जुनं खातं बघायचं). पहिलं परमिट दोन वर्षांचं, आणि त्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिने यापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर, सबळ कारण नसेल तर, ते रद्द होऊ शकतं. आजारपण किंवा घरचं संकट असं कारण असेल तर कागद त्याच वेळी गोळा करा, आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो प्रत्येक प्रवासानंतर काढून तारखेने ठेवा, रिन्यूअलला दिवस मोजायची वेळ येते तेव्हा तेच कामाला येतात.